निबंधाचे मुद्दे फळ्यावर लिहून देऊ नका

भाषा विषयाचे शिक्षक, प्रश्नपत्रिका काढणारे आणि उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

एका वर्गाचे चाळीस निबंध एका बैठकीत तपासायला घेतले की सहाव्या-सातव्या वहीपासून पुढचं वाक्य पान उलटायच्या आधीच कळायला लागतं. 'पावसाळा' म्हटलं की हिरवा शालू येणार, 'विज्ञान' म्हटलं की नाण्याला दोन बाजू असणार, आणि विषय कोणताही असो, शेवटच्या तीन ओळींत 'आपण सर्वांनी' काहीतरी करायची शपथ घेतलेली असणार. मग ठरलेली तक्रार होते: हल्लीची मुलं वाचत नाहीत, त्यांना काही सुचत नाही. आमचं म्हणणं असं की सुचायला वेळच मिळालेला नसतो. त्याआधीच फळ्यावर सहा मुद्दे आलेले असतात. प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे, उपाय, समारोप. प्रत्येक मुद्द्याला चार वाक्यं जोडली की चोवीस वाक्यं होतात आणि दीड पान भरतं. मूल हुशार असेल तर ती चोवीस वाक्यं शुद्ध असतात, एवढाच फरक.

'निबंध' या शब्दात बांधणं आहे. युरोपात याच लेखनप्रकाराला मिळालेलं नाव मात्र वेगळ्या मुळाचं. मिशेल द मॉन्तेन या फ्रेंच लेखकाने १५८० साली आपले लेख छापले तेव्हा त्यांना 'प्रयत्न' किंवा 'चाचपणी' अशा अर्थाचं नाव दिलं. दोन्ही अर्थ उपयोगाचे आहेत; फक्त क्रम चुकू नये. आधी चाचपडायचं, हाताला काही लागलं की मग ते बांधायचं. आपल्या वर्गांत पहिली पायरी गाळून थेट बांधायला बसवतात. म्हणून दोरी व्यवस्थित आणि आत काहीच नाही, असे गठ्ठे तपासायला येतात.

चाचपणीला पाच मिनिटं पुरतात, पण ती पाच मिनिटं वेगळी द्यावी लागतात. त्या वेळात मुलाने विषय दोनदा अरुंद करावा. 'वाचनाचे महत्त्व' हा विषय नव्हे, तो नुसता पत्ता झाला. त्यातली एक खोली निवडायची: अर्धवट सोडलेली पुस्तकं. मग त्या खोलीबद्दल एकच वाक्य लिहायचं: 'न आवडलेलं पुस्तक मध्येच बंद करता येणं हेही वाचकाला शिकवायला हवं.' हे वाक्य चालेल की नाही, याची कसोटी सोपी आहे. ते शेजारच्याला वाचून दाखवावं. त्याने 'का बरं?' किंवा 'मला नाही पटत' म्हटलं, तर निबंध सुरू करायला हरकत नाही. त्याने नुसती मान डोलावली, तर आणखी अरुंद करावं. 'वाचनाने ज्ञान वाढते' या वाक्यावर कुणीही 'का बरं?' म्हणत नाही, म्हणूनच त्याच्यापुढे लिहायला काही उरत नाही आणि मूल विशेषणांकडे वळतं.

मुद्दे हवेतच, पण ते या वाक्यानंतर, आणि मुलाचे स्वतःचे. तीन किंवा चार. प्रत्येक मुद्दा दोन-तीन शब्दांचा.

आता तपशिलाकडे येऊ, कारण वाचनीय आणि कंटाळवाण्या निबंधातला खरा फरक इथे पडतो. पुढचा परिच्छेद आम्ही नमुन्यासाठी तयार केला आहे, पण तो तुमच्या ओळखीचा निघेल.

'पावसाळा हा सर्वांचा आवडता ऋतू आहे. पावसाळ्यात सृष्टी हिरवा शालू नेसते. सगळीकडे आनंदीआनंद पसरतो. शेतकरी राजा सुखावतो. मुले पावसात मनसोक्त भिजतात. पाऊस हा खरोखरच निसर्गाचा चमत्कार आहे.'

यात व्याकरणाची एकही चूक नाही. दहापैकी सहा-सात गुण याला मिळतात. आता याच विषयाची एक खोली निवडून लिहिलेला परिच्छेद:

'गणिताच्या तासाला पाऊस आला. पत्र्यावरचा आवाज एवढा वाढला की सरांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. त्यांनी दोनदा आवाज चढवला, मग खडू खाली ठेवला. खिडकीजवळच्या मुलांनी न सांगताच दप्तरं आत ओढली. आठ मिनिटं कुणी शिकवत नव्हतं आणि कुणी गडबडही करत नव्हतं.'

दोन्ही परिच्छेदांतल्या वाक्यांची अदलाबदल करून पाहा. पहिल्यात दुसरं वाक्य पाचव्या जागी आणि चौथं दुसऱ्या जागी नेलं तरी काही बिघडत नाही, कारण एका वाक्याचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही. दुसऱ्यात खडू खाली ठेवणं आवाज चढवण्याच्या आधी नेलं की सगळं कोसळतं. हा प्रयोग वर्गात करायला वेळ लागत नाही. वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहावीत, उलटसुलट करून मुलांच्या हातात द्यावीत आणि मूळ क्रम लावायला सांगावा. पहिल्या परिच्छेदाचा क्रम कुणालाच लावता येत नाही. 'परिच्छेदात सुसूत्रता असावी' हे वाक्य दहा वेळा सांगून जे कळत नाही, ते या पट्ट्या दाखवतात.

दुसऱ्या परिच्छेदात 'शांतता', 'गंमत', 'आनंद' असा एकही शब्द नाही, हेही मुलांना शोधायला लावावं. भावनेचं नाव न घेता ती वाचणाऱ्यापर्यंत पोचली ती ओठ, खडू आणि दप्तरं यांच्यामुळे. 'आठ मिनिटं' हा आकडाही काम करतो. 'थोडा वेळ' लिहिलं असतं तर कुणीतरी ते पाहत होतं, घड्याळाकडे नजर टाकत होतं, हे कळलं नसतं.

इथे एक धोका आहे आणि तो शिक्षकांच्या उत्साहातून येतो. तपशील हवा म्हटल्यावर 'डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा या पाचांचा एकेक तपशील घाला' असा तक्ता वर्गात लावला जातो. मग प्रत्येक निबंधात मातीचा वास येतो. हा जुन्या सहा मुद्द्यांचाच नवा अवतार झाला. तीनशे शब्दांच्या निबंधाला जवळून पाहिलेले तीन-चार तपशील पुरतात. दहा झाले की ती सामानाची यादी होते. कोणता तपशील ठेवायचा, हे मघाच्या एका वाक्यावरून ठरतं. जो त्या वाक्याला टेकू देत नाही तो कितीही सुंदर असला तरी काढायचा. मुलांना हे काढणं फार जड जातं. मोठ्यांनाही जातं.

निबंधाच्या प्रकारांत सगळ्यात जास्त अन्याय आत्मवृत्तावर होतो. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' लिहिताना पुस्तक जन्मापासून सुरुवात करतं, कारखाना, दुकान, पहिला मालक, मग हाल, मग उपदेश. पुस्तक रडतं, माणसासारखं बोलतं आणि शेवटी 'पुस्तकांना जपा' असं सांगून मरतं. इथे मुलांना एकच नियम द्यावा: त्या वस्तूला जेवढं ठाऊक असू शकेल तेवढंच तिने सांगायचं. दप्तरातल्या पुस्तकाला रस्ता दिसत नाही; त्याला हिसके कळतात, शेजारच्या डब्याचा ओलावा कळतो. कोणतं पान पुन्हा पुन्हा उघडलं गेलं आणि कोणती पानं कधीच उघडली नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. एवढी मर्यादा घातली की कल्पनाशक्तीला एकदम काम मिळतं. शिवाय जन्मापासून सांगायची गरज उरत नाही. एका परीक्षेची आदली रात्र पुरते.

'अमुक झालं नाही तर' या कल्पनाप्रधान निबंधात उलटी चूक होते. सूर्य उगवला नाही तर झाडं मरतील, अंधार होईल, थंडी पडेल, शाळेला सुट्टी मिळेल, असे परिणाम एकाशेजारी एक मांडले जातात आणि एकही पुढे जात नाही. इथे आडवं न जाता खोल जायला सांगावं: एकच परिणाम घ्यायचा आणि 'मग काय होईल?' हा प्रश्न त्याला चार वेळा विचारायचा. घड्याळं चालू आहेत पण सकाळ होत नाही. मग माणसं कशावरून उठतील? मग 'उद्या' हा शब्द कशासाठी वापरतील? तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला मूल अशा जागी पोचतं जिथे शेजारचं मूल पोचलेलं नसतं.

वैचारिक निबंधाबाबत दोष प्रश्नपत्रिकेचाही आहे. 'शाप की वरदान' असा विषय दिला की निम्मं पान शाप, निम्मं पान वरदान आणि शेवटी 'वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' हे ठरलेलं. यात भूमिका घ्यावीच लागत नाही. भूमिका घेतलेल्या निबंधात समोरच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा यायला हवा, तोही साधारण मध्यावर. सुरुवातीला आणला तर अजून काही मांडलेलंच नसतं. शेवटी आणला तर उत्तर द्यायला जागा राहत नाही. आणि तो खरोखर मजबूत हवा. 'काही लोक म्हणतात' असं लिहून मुलं समोर एक बुजगावणं उभं करतात आणि एका वाक्यात पाडतात. 'हा मुद्दा मानणाऱ्या शहाण्या माणसाला तुझं वाक्य वाचून आपलं म्हणणं नीट मांडल्यासारखं वाटेल का?' एवढा एक प्रश्न समासात लिहावा.

सुरुवातीबद्दल फार सांगायला नको. पहिला परिच्छेद हाताने झाकून निबंध दुसऱ्यापासून वाचावा. काहीच अडलं नाही, तर पहिला परिच्छेद ही घसा साफ करण्याची खाकरणी होती. ती काढून टाकावी. 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे', 'मानव हा समाजशील प्राणी आहे', सुभाषित, कवितेच्या दोन ओळी, ओळीने तीन प्रश्नचिन्हं: यांतलं बहुतेक या एका कसोटीत गळतं. सुभाषितांना आमचा विरोध नाही. पण पाठ केलेलं सुभाषित विषयाच्या आधी सुचलेलं असतं आणि विषय मग त्याच्या मागे फरफटत येतो.

शेवटालाही तीच कसोटी उलटीकडून. शेवटची तीन वाक्यं झाकावीत. निबंध त्याआधीच्या वाक्यावर थांबू शकत असेल, तर तो तिथेच संपला होता. संदेश नसेल तर गुण जातील ही मुलांची भीती खरी आहे, कारण ते गुण आपणच कापतो.

वाक्यांबाबत एक खास मराठी अडचण आहे. आपलं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे वाक्यांमागून वाक्यं 'आहे', 'आहे', 'असते', 'आहे' अशी एकाच ठोक्यावर पडत जातात. वाचणाऱ्याला कंटाळा कशाचा आला हे कळतही नाही. उपाय पेन्सिलीने करता येतो: प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द गोल करायचा. लागोपाठ तीन गोलांत एकच शब्द दिसला, तर मधलं वाक्य मोडायचं. कधी 'आहे' नुसतं गाळलं तरी भागतं: 'दार उघडं, आत कुणी नाही.' कधी दोन वाक्यं 'म्हणून'ने जोडावीत, कधी कृती आणावी: 'खोलीत खूप धूळ आहे'ऐवजी 'टेबलावर बोट फिरवलं की रेघ उठते'. लांबीतही चढउतार हवा. सात-आठ शब्दांच्या दोन वाक्यांनंतर वीस शब्दांचं एक वाक्य आलं की कान जागा होतो.

'करण्यात येते', 'मानले जाते', 'दिसून येते' ही सरकारी परिपत्रकाची भाषा मुलांच्या वहीत कुठून येते? आदर्श उत्तरांच्या पुस्तकांतून, आणि थोडी आपल्याकडूनही. प्रत्येक 'केले जाते'खाली रेघ मारून 'कोण करतं?' एवढंच विचारावं. उत्तर मिळालं तर वाक्य जिवंत होतं, न मिळालं तर ते लिहायचं कारणच नव्हतं. जोडीचे शब्दही असेच: 'आनंद व हर्ष', 'मदत व सहकार्य'. एक ठेवावा.

'झाले' लिहायचं की 'झालं', यावर वाद घालत बसू नये. परीक्षेचा जो दंडक असेल तो पाळावा आणि एका निबंधात एकच ठेवावं. पात्रांच्या तोंडी मात्र त्यांची बोली येऊ द्यावी. तिथे प्रमाण रूप लाल शाईने लिहिणं म्हणजे आजीच्या तोंडी बातमीपत्र घालणं.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. पहिल्याच खर्ड्यावर तीस लाल खुणा झाल्या की मूल पुढच्या वेळी लिहिता येणारे शब्दच वापरतं आणि निबंधातला शब्दसाठा आपोआप आटतो. एका वेळी दोनच प्रकारच्या चुका घ्याव्यात. उदाहरणार्थ, या महिन्यात फक्त 'शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर मराठी शब्दातला त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व' हा नियम: सुरी, किडा, विळी. बाकीच्या चुका दिसतील, त्या तूर्त दिसू द्याव्यात.

परीक्षेतल्या वेळेचं गणितही वर्गात मांडून दाखवायला हवं. निबंधाला पस्तीस मिनिटं आणि अडीचशे शब्द असतील तर पाच मिनिटं चाचपणी, तीन मिनिटं मुद्दे, बावीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं वाचन. बावीस मिनिटांत अडीचशे शब्द म्हणजे मिनिटाला अकरा-बारा. सवय असेल तर हात अवघडत नाही. बहुतेक मुलं पहिल्या मिनिटाला लिहायला लागतात आणि पंधराव्या मिनिटाला अडकतात, कारण कुठे जायचंय ते ठरलेलं नसतं. शेवटच्या पाच मिनिटांत सगळं वाचून सुधारणं होत नाही म्हणून प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचावं. अडीचशे शब्दांत चार परिच्छेद धरले तर चार वाक्यं. ती सलग वाचून निबंधाचा धागा लागला तर ठीक, नाहीतर एखादं वाक्य बदलायला अजून दोन मिनिटं असतात.

आता तपासणी. 'छान', 'विस्तार कर', 'अधिक मुद्दे हवेत' हे शेरे देणाऱ्याला काहीतरी सांगितल्याचं समाधान देतात, घेणाऱ्याला काही नाही. त्याऐवजी समासात प्रश्न लिहावेत आणि तीनच लिहावेत: 'कोणती?', 'हे तुला कसं कळलं?', 'म्हणजे नेमकं काय झालं?' गुण पहिल्या खर्ड्यावर लिहूच नयेत. आकडा दिसला की मूल प्रश्न वाचत नाही. ते शेजारच्याचा आकडा बघतं. दुसऱ्या खर्ड्यावर दहापैकी गुण द्यावेत: नेमकं म्हणणं तीन, तपशील तीन, बांधणी दोन, भाषा दोन. अक्षर आणि समास यांना वेगळे गुण नकोत.

वेळ कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. चाळीस वह्यांना पाच-पाच मिनिटं म्हणजे तीन तास वीस मिनिटं, आणि दोन खर्डे म्हणजे दुप्पट. म्हणून निबंधांची संख्या कमी करावी. वर्षभरात एकेकदाच लिहिलेल्या पंधरा निबंधांपेक्षा दोन-दोनदा लिहिलेले सहा निबंध जास्त शिकवतात. शिवाय पहिला खर्डा दर वेळी शिक्षकानेच पाहायला हवा असं नाही. जोडीदाराने मोठ्याने वाचावा, लिहिणाऱ्याने नुसतं ऐकावं. वाचणाऱ्याची जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य बिघडलेलं असतं. तिथे टिंब द्यायचं, बस.

मोबाइलवर तयार निबंध मिळतात, यंत्राकडून लिहूनही मिळतात, ही चिंता आम्ही ऐकतो. सहा मुद्द्यांचा निबंध यंत्र मुलांपेक्षा गुळगुळीत लिहितं, यात नवल नाही. तो साचाच तसा आहे. मघाची पाच मिनिटं, ते एक वाक्य आणि पहिला खर्डा हे तिन्ही वर्गात, कागदावर, तुमच्यासमोर झाले की पुढचं बरंचसं आपोआप मुलाचंच राहतं.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक वेगळी विनंती. पुढच्या चाचणीत 'पाऊस' असा एका शब्दाचा विषय काढू नका. 'पाऊस सुरू झाल्यानंतरची पहिली दहा मिनिटं' असा काढा, आणि खाली मुद्दे देऊ नका. 'माझा आवडता मित्र'ऐवजी 'मित्राशी न बोललेला एक दिवस' द्या. आदर्श उत्तर छापायचंच असेल तर एकाच विषयाची एकमेकांशी न जुळणारी तीन उत्तरं छापा, आणि तिन्हींना पूर्ण गुण द्या.

आपले नम्र,
निबंध लिहून घेणारे आणि तपासणारे काही जण